सातवीतल्या मुलांना कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला का बसवतात?

गेली पन्नासेक वर्षं अमेरिकेत सातवी-आठवीतली मुलं एसएटीला बसत आली आहेत. एसएटी म्हणजे कॉलेजात प्रवेश घेण्यासाठी अकरावी-बारावीतल्या मुलांनी द्यायची परीक्षा. ज्यांना अजून मिसरूड फुटलेलं नाही अशा पोरांना कुठल्या कॉलेजात जायचं असतं? कुठल्याच नाही. त्यातल्या बऱ्याच जणांना उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एका निवासी अभ्यासवर्गाला जायचं असतं. तीन आठवडे घरापासून लांब, एखाद्या कॉलेजच्या वसतिगृहात राहायचं आणि दिवसाचे सहा-सात तास एकच विषय शिकायचा. सुट्टीत, आणि तेही हौसेने.

ज्यांचे भाऊबहीण न्यू जर्सीत किंवा बे एरियात आहेत त्यांनी ‘सीटीवाय’ हे नाव ऐकलेलं असतं. भाचा यंदा सीटीवायला चाललाय असं फोनवर कळतं, इकडून आपण ‘अरे वा’ म्हणतो, आणि फोन ठेवल्यावर विचार करत बसतो की हे नक्की काय आहे. क्लास, शिबिर, की आपल्या स्कॉलरशिप परीक्षेसारखं काही? सीटीवाय म्हणजे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं ‘सेंटर फॉर टॅलेंटेड यूथ’. अमेरिकेत अशा उपक्रमांची रांग लागली ती मुख्यतः याच्या मागे. म्हणून गोष्ट तिथूनच सांगतो.

१९६८ च्या उन्हाळ्यात बाल्टिमोरच्या या विद्यापीठात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका बाईंच्या लक्षात आलं, की समोर बसलेला बारा वर्षांचा एक मुलगा इतरांच्या फार पुढे आहे. त्यांनी ते मानसशास्त्राचे प्राध्यापक ज्युलियन स्टॅन्ली यांच्या कानावर घातलं. मुलाचं नाव जोसेफ बेट्स. स्टॅन्ली मोजमापातले माणूस. परीक्षा कशा रचायच्या, गुणांचा अर्थ कसा लावायचा, हेच त्यांचं काम. १९६९ च्या जानेवारीत त्यांनी बेट्सला एसएटी आणि कॉलेजच्या पातळीच्या आणखी काही परीक्षा द्यायला लावल्या. पोराने त्यात झकास गुण मिळवले. आता याला शिकवायचं कुठे? स्टॅन्लींनी आधी हायस्कुलांना विचारून पाहिलं, की याला वरच्या वर्गांचे विषय घेऊ द्याल का. कुणी तयार होईना. शेवटी तेरा वर्षांचा बेट्स थेट हॉपकिन्सच्याच पहिल्या वर्षात दाखल झाला आणि सतराव्या वर्षापर्यंत कॉम्प्युटर सायन्सची पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही घेऊन बाहेर पडला.

एका मुलाचं असं झालं म्हणजे आणखी असतील, हा स्टॅन्लींचा साधा तर्क. १९७१ मध्ये त्यांनी गणितात वयाच्या पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तो ‘एसएमपीवाय’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो आणि आजही चालू आहे. १९७२ च्या मार्चमध्ये त्यांनी पहिला शोध घेतला. बाल्टिमोर परिसरातली साडेचारशे मुलं आली आणि त्यातल्या काहींनी कॉलेजच्या मुलांनाही सहज जमणार नाहीत असे गुण मिळवले. त्याच वर्षी जोसेफ वुल्फसन नावाच्या शिक्षकाने यातल्या थोड्या मुलांचा शनिवारचा गणिताचा वर्ग सुरू केला. आठवड्याला दोनेक तास, बस. शाळेत ज्याला चार वर्षांहून जास्त लागतात ते गणित त्यातल्या पुढच्या मुलांनी वर्ष-सव्वा वर्षात संपवलं.

पण प्रत्येकाला बेट्ससारखं तेराव्या वर्षी कॉलेजात पाठवणं आईबापांना झेपणारं नव्हतं आणि बहुतेक मुलांच्या हिताचंही नव्हतं. शाळा बदलायला तयार नाहीत, मूल शाळेतून काढायचं नाही, मग उरते ती सुट्टी. अमेरिकेत जून ते ऑगस्ट शाळा बंद. त्याच काळात कॉलेजांची वसतिगृहं रिकामी, वर्ग रिकामे, शाळेतले चांगले शिक्षक मोकळे, आणि कॉलेजातली मुलं उन्हाळ्याची नोकरी शोधत असलेली. सुट्टीत पोरांना लांबच्या कॅम्पला पाठवायची रीत तिथे आधीपासूनच होती. हे सगळं जमून आलं. १९७९ मध्ये हॉपकिन्समध्ये यासाठी स्वतंत्र कचेरी उघडली, तीच पुढे सीटीवाय झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिचे निवासी वर्ग सुरू झाले. १९८० मध्ये ड्यूक विद्यापीठाने, १९८२ मध्ये नॉर्थवेस्टर्नने तोच नमुना उचलला. १९९२ मध्ये तो आयर्लंडला पोचला आणि डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीत रुजला.

तसं पाहिलं तर हुशार मुलांचे उन्हाळी वर्ग याआधीही होतेच. गणितज्ञ अर्नॉल्ड रॉस यांचा नंबर थिअरीचा, म्हणजे पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचा, वर्ग १९५७ चा. रशियाने स्पुटनिक सोडल्यावर घाबरून अमेरिकेने विज्ञानशिक्षणात पैसा ओतला असं आपण वाचतो, पण रॉस यांचा वर्ग स्पुटनिकच्या आधीच, त्याच उन्हाळ्यात भरला होता. नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९६३ मध्ये सरकारी उन्हाळी शाळा काढली. मात्र हे सगळं पंधरा-सोळाच्या पुढच्या मुलांसाठी. बारा-तेराच्या पोरांना शोधायचं कसं, याचं उत्तर स्टॅन्लींनी दिलं. त्यात एक बारकावा आहे, तो नीट समजून घेतला की बाकीचं आपोआप उलगडतं.

वरच्या इयत्तेचा पेपर

सातवीच्या मुलांना सातवीचा पेपर दिला की वर्गातल्या चार-पाच जणांना पन्नासपैकी अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास मिळतात. शाळेच्या दृष्टीने ही सगळी सारखीच हुशार. प्रत्यक्षात त्यातलं एक मूल सातवीचं गणित चांगलं जाणणारं असतं आणि दुसरं दहावीचं गणित सोडवू शकणारं. पेपर पन्नासलाच संपतो, म्हणून हा फरक कागदावर उमटत नाही. भाजीवाल्याचा काटा पाच किलोपर्यंतच असेल तर सहा किलोचं कलिंगड आणि बारा किलोचा फणस त्याच्या लेखी सारखेच. स्टॅन्लींनी मोठा काटा वापरला. सातवीत वरच्या दोन-चार टक्क्यांत असलेल्या मुलांना एसएटी दिली, की तीच मुलं २०० पासून ८०० पर्यंतच्या पट्टीवर लांबरुंद पसरलेली दिसतात. एकाला ३६०, दुसऱ्याला ५२०, क्वचित एखाद्याला ७००. त्या काळच्या हिशोबाने तेरा वर्षांच्या आत गणितात ७०० मिळवणारं मूल दहा हजारांत एक.

आता कुणी म्हणेल, ज्याला क्लास लावून बीजगणित आधीच शिकवलंय तो पुढे जाणारच. काही अंशी खरं आहे. स्टॅन्लींचं म्हणणं थोडं वेगळं होतं. एसएटीतलं गणित अकरावीच्या मुलाला माहितीचं असतं, त्यामुळे त्याची परीक्षा होते ती पाठ केलेल्या पद्धतींची. ते कधी शिकलेलंच नाही अशा बारा वर्षांच्या मुलाला मात्र प्रश्न वाचून, डोकं लावून वाट काढावी लागते. म्हणजे तोच पेपर मोठ्या मुलांचं शिकलेलं मोजतो आणि लहानांचा विचार. मला हा सगळ्या प्रकारातला सर्वांत चतुर भाग वाटतो. अडचण एवढीच, की पद्धत गाजली आणि मग सातवीतल्या मुलांसाठी एसएटीचे क्लास निघाले. क्लास लावलेल्या मुलाच्या बाबतीत हा तर्क निम्मा गळून पडतो.

एसएटीखेरीज इतरही परीक्षा चालतात. सीटीवायने वर्षानुवर्षं वापरलेल्या स्कॅट या परीक्षेत चौथी-पाचवीच्या मुलाला सहावी ते आठवीच्या पातळीचे प्रश्न देतात. तत्त्व तेच.

वर्षभराचं तीन आठवड्यांत कसं मावतं?

पहिल्यांदा ऐकलं की ही थाप वाटते. थोडा हिशोब करू. अमेरिकेत शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं. एका विषयाचा रोज पाऊण तास धरला तर वर्षाचे १३५ तास झाले. उन्हाळी वर्गात आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला संध्याकाळचा अभ्यास धरून सात तास, असे तीन आठवडे म्हणजे १०५ तास. फरक दिसतो त्याहून बराच कमी आहे. त्यात शाळेच्या १३५ तासांतून हजेरी, मागच्या वर्षीची उजळणी, चाचण्यांचे दिवस आणि वर्गातल्या मागे पडलेल्यांसाठी पुन्हा-पुन्हा केलेला धडा वजा करा. जादू काही नाही, वेळेची मांडणी वेगळी आहे.

दुसरा भाग शिकवण्याचा. स्टॅन्लींची पद्धत अशी: आधी परीक्षा घ्यायची, मुलाला काय येतं आणि काय नाही ते शोधायचं, आणि जे येत नाही तेवढंच शिकवायचं. ऐकायला किती साधं! पण चाळीस जणांच्या वर्गात हे अशक्य असतं. तिथे ज्याला अपूर्णांक येतात तोही इतरांसोबत पुन्हा अपूर्णांक करतो, वहीच्या मागच्या पानावर रेघोट्या मारत. गणिताच्या काही वर्गांत तर प्रत्येक मूल आपापल्या वेगाने पुढे जात असे, एकाच खोलीत कुणी बीजगणितात, कुणी त्रिकोणमितीत.

सगळे वर्ग मात्र असे ‘शाळेचं लवकर उरकण्याचे’ नसतात, आणि माझ्या मते जास्त चांगले असतात ते हेच दुसऱ्या प्रकारचे. शाळेत ज्यांची गाठच पडत नाही असे विषय तिथे असतात: नंबर थिअरी, सांकेतिक लिपीशास्त्र, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, शब्दांची व्युत्पत्ती, मेंदूविज्ञान, गेम थिअरी.

नंबर थिअरीच्या अशा वर्गात काय होतं ते एका प्रश्नावरून पाहू. फळ्यावर विचारलंय: कोणत्या संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येतात? ५ येते, १ अधिक ४. १३ येते, ४ अधिक ९. ७ येत नाही. ११ येत नाही. १९ येत नाही. मुलं वहीत ढीगभर संख्या करून पाहतात. तासाभराने कुणीतरी म्हणतं, ज्या संख्येला ४ ने भागल्यावर ३ उरतात ती कधीच येत नाही. शिक्षक हो किंवा नाही म्हणत नाही, विचारतो, ‘कशावरून?’ मग शोधाशोध. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागलं की बाकी ०, विषम संख्येच्या वर्गाला भागलं की बाकी १. दोन वर्गांची बेरीज केली की बाकी ०, १ किंवा २ येणार, ३ येणं शक्यच नाही. म्हणजे २०२३ ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का हे सांगायला गणकयंत्र लागत नाही, शेवटचे २३ बघितले की झालं.

पोरं खूश. लगेच एकजण ठोकून देतो, की मग बाकी १ असेल तर संख्या नक्की येत असणार. ५, ९, १३, १७ सगळ्या येतात, ९ ला ० चा वर्ग धरला तर. मग २१ येऊन उभी राहते. १ काढा, २० राहिले. ४ काढा, १७. ९ काढा, १२. १६ काढा, ५. एकही वर्ग नाही. नियम मोडला. कशामुळे मोडला? २१ म्हणजे ३ गुणिले ७, आणि ३ आणि ७ दोन्ही ‘बाकी ३’ वाल्या. इथून अविभाज्य संख्यांचा रस्ता सुरू होतो आणि तो पुढे फर्मा आणि ऑयलर या गणितज्ञांपर्यंत जातो. शाळेत हाच भाग शिकवला असता तर नियम फळ्यावर लिहून, खाली पाच उदाहरणं देऊन, पुढच्या धड्याकडे. इथे एका प्रश्नावर अख्खी सकाळ जाते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा असा प्रश्न भेटतो जो दहा मिनिटांत सुटत नाही, आणि न सुटल्याबद्दल कुणी रागावत नाही.

राहायचं कशासाठी?

हेच सगळं सकाळी सोडून संध्याकाळी घेऊन जाता येणार नाही का? येतं, आणि तसे वर्गही असतात. निवासी वर्गाला गेलेल्या मुलांशी बोललात तर ती अभ्यासाविषयी दोन वाक्यं बोलतात आणि बाकी सगळं जेवणाच्या टेबलाविषयी.

दिवस साधारण असा जातो. नाश्ता, सकाळचा वर्ग, जेवण, दुपारचा वर्ग. वर्गात पंधराएक मुलं, एक शिक्षक, एक मदतनीस. मग दोनेक तास खेळ, नाटक, चित्रं किंवा नुसतंच झाडाखाली बसून गप्पा. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा वर्गात अभ्यास. मग खोलीवर, आणि ठरलेल्या वेळी दिवे बंद. प्रत्येक मजल्यावर कॉलेजात शिकणारा एक ताई किंवा दादा राखणीला असतो. घरची आठवण येऊन रडणाऱ्याला समजावणं, पत्त्यांचा डाव रात्री बारापर्यंत चालू नये हे बघणं, आंघोळीला हाकलणं, ही त्याची कामं. सुट्टीच्या आदल्या दिवशी नाच. यात वर्षानुवर्षांच्या परंपरा तयार झाल्यात, ठराविक गाणी, ठराविक वेडेपणा, एखाद्या दिवशी भलतेच कपडे घालणं. वयाची मर्यादा गाठलेल्या, म्हणजे यंदा शेवटचं वर्ष असलेल्या मुलांना सीटीवायत ‘नोमोर’ म्हणतात आणि निरोपाच्या दिवशी हीच मोठी मुलं सगळ्यांत जास्त रडतात.

तेरा हे वय अवघड. शाळेत जास्त प्रश्न विचारले की ‘शायनर’ म्हणून चिडवतात, त्यामुळे बरीच हुशार मुलं, आणि त्यातही मुली, गप्प राहायला शिकतात. इथे जेवताना शेजारचा मुलगा विचारतो की अनंताहून मोठं अनंत असतं का, आणि समोरची मुलगी भात चिवडत त्याचं उत्तर देते. कुणी हसत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू पहिल्या आठवड्यातच दिसते. आपल्या शाळेत कायम पहिलं येणारं मूल इथे वर्गात नववं असतं. ऑस्ट्रेलियात काम केलेले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच संशोधन केलं: मुलं स्वतःची हुशारी आसपासच्यांशी तुलना करून ठरवतात, त्यामुळे सरस मुलांच्या वर्गात गेल्यावर त्याच मुलाचं स्वतःविषयीचं मत घसरतं, येत असलेलं जराही कमी झालेलं नसताना. काही मुलांना हा धक्का पचतो, काहींना घरी फोन करून ‘मला घेऊन जा’ म्हणावंसं वाटतं. तीन आठवड्यांत हा धक्का बसणं मला तर फायद्याचं वाटतं. आयआयटीत किंवा एमआयटीत पोचल्यावर, अठराव्या वर्षी, घरापासून हजार मैलांवर तो पहिल्यांदा बसण्यापेक्षा बरा. पण ते मूल कसं आहे यावर आहे, आणि ते आईबापांना ब्रोशर लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त कळतं.

याचा उपयोग होतो का?

इथे जरा जपून पाऊल टाकायला हवं, कारण जाहिरात आणि पुरावा यांची सरमिसळ होते. सीटीवायच्या माजी विद्यार्थ्यांत गूगलचे सर्गेई ब्रिन, फेसबुकचे मार्क झुकरबर्ग आणि गायिका लेडी गागा यांची नावं घेतली जातात. खरी आहेत. पण त्यावरून काही सिद्ध होत नाही.

स्टॅन्लींचा अभ्यास पुढे कॅमिला बेन्बो आणि डेव्हिड लुबिन्स्की यांनी व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात चालू ठेवला. पाच हजारांहून जास्त माणसांचा माग ते अनेक दशकं ठेवत आले आहेत. त्यांनी २०१३ मध्ये ३२० जणांच्या एका गटाची माहिती छापली. हे सगळे तेरा वर्षांच्या आत ‘दहा हजारांत एक’ ठरलेले. अडतीस वर्षांचे होईपर्यंत त्यातल्या ४४ टक्के लोकांनी पीएच.डी., एम.डी. किंवा कायद्याची तशीच वरची पदवी मिळवलेली होती. आकडा थक्क करणारा आहे. मात्र तो परीक्षेविषयी बोलतो, शिबिराविषयी नाही. बाराव्या वर्षीचा तो पेपर पुढचं बरंच काही सांगून जातो, एवढं त्यातून कळतं. ही मुलं शिबिराला गेली नसती तर काय झालं असतं, ते त्यातून कळत नाही.

ते कळायला सोडतच काढावी लागते: पात्र मुलांची यादी करायची, चिठ्ठ्या टाकून काहींना जागा द्यायची, बाकीच्यांना नाही, आणि मग दोघांचाही माग ठेवायचा. सॅरा कोहोड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नामांकित तंत्रविद्यापीठाच्या उन्हाळी वर्गांचा असा अभ्यास केला. मुलं थोडी मोठी, बारावीच्या उंबरठ्यावरची, आणि विज्ञानात ज्यांची संख्या कमी आहे अशा समाजांतली. ज्यांना जागा मिळाली त्यांच्यात कॉलेज पूर्ण करण्याचं आणि विज्ञान-तंत्रज्ञानात पदवी घेण्याचं प्रमाण वाढलं. मला यातून असं दिसतं, की ज्या मुलाच्या घरी आणि शाळेत हे वातावरण आधीपासून आहे त्याला शिबिराचा फायदा आनंदाइतका. ज्याच्याकडे ते नाही त्याची दिशाच बदलू शकते.

आणि गंमत अशी की नेमकी दुसऱ्या प्रकारची मुलंच तिथे कमी पोचतात. तीन आठवड्यांच्या निवासी वर्गाची फी काही हजार डॉलर, म्हणजे काही लाख रुपये. फीमाफी असते, पण ती मागायला आधी असं काही असतं हे माहीत असावं लागतं. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचा अभ्यास केला. तिथे आधी शिक्षक आणि पालक सुचवतील त्याच मुलांना ‘हुशार’ वर्गासाठी तपासत. मग दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी सुरू केली, तेव्हा गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची संख्या एकदम वाढली. मुलं तीच, त्यांच्याकडे आधी कुणी पाहिलं नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये २०११ मध्ये सुरू झालेली ‘बीम’ ही संस्था याच कारणाने कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं शोधते आणि त्यांना गणिताच्या निवासी वर्गाला फुकट नेते.

परीक्षेच्या आकड्यावर किती विसंबायचं, याचे दोन दाखले. १९२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी बुद्ध्यांक मोजून हुशार मुलं निवडायला सुरुवात केली. चाचणीत दोन मुलगे थोडक्यात बाद झाले, विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दुसरा दाखला स्टॅन्लींच्याच घरचा. १९८३ मध्ये बेन्बो आणि स्टॅन्ली यांनी लिहिलं, की तेरा वर्षांच्या आत गणितात ७०० च्या वर जाणाऱ्यांत तेरा मुलग्यांमागे एक मुलगी आहे. वर्तमानपत्रांनी ते उचललं, मुलींना गणित जमतच नाही असे मथळे आले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तेच प्रमाण तीन-चारास एक इतकं खाली आलं. एवढ्या काळात मेंदू बदलत नाहीत. मुलींना गणिताच्या वर्गात बसू देण्याची पद्धत बदलते.

आपल्याकडे

महाराष्ट्रात हुशार मुलं हेरायची हौस कमी नाही. स्कॉलरशिप आहे, होमी भाभा बालवैज्ञानिक आहे, काही वर्षांपूर्वीपर्यंत राष्ट्रीय प्रज्ञाशोधही होती. मात्र यातल्या बहुतेक परीक्षा मुलाच्या इयत्तेच्या आसपासच फिरतात, शेवटी निकाल लागतो तो एका गुणाने कोण पुढे यावर, आणि निकालानंतर सत्कार, फोटो आणि संपलं. पुढे त्या मुलाला वेगळं काय शिकवायचं हे कुणी विचारत नाही. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली तेव्हा हाच प्रश्न त्यांनी हातात घेतला होता, स्टॅन्लींच्याही आधी, पण उत्तर शाळेच्या रूपात शोधलं. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने गणिताची आवड असलेल्या शाळकरी मुलांना मोठ्या गणितज्ञांसमोर नेऊन बसवलं.

अमेरिकी नमुन्याच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट मुंबईत मानखुर्दला आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. ऑलिम्पियाडच्या पहिल्या फेऱ्या पार केलेली देशभरची मुलं उन्हाळ्यात तिथे राहायला येतात. कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाडची मुलं नववी-दहावीतली असतात. प्रयोग, समस्या सोडवणं, संशोधकांशी थेट बोलणं. फरक एक मोठा: इथे शिबिराच्या शेवटी भारताचा संघ निवडायचा असतो, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यावर निवड लटकत असते. अमेरिकेतल्या वर्गात गुणपत्रिका जवळजवळ नसते, शिक्षक फक्त लेखी अभिप्राय देतो. आपल्याकडे निवडीशिवायचं, नुसतं शिकण्याचं, परवडणारं असं शिबिर दुर्मीळ आहे.

तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत आणि इकडूनही मुलं पाठवू पाहणाऱ्यांत एक गैरसमज पक्का आहे, की असं शिबिर केलं की पुढे मोठ्या कॉलेजचा प्रवेश सोपा होतो. तेराव्या वर्षीच्या तीन आठवड्यांना सतराव्या वर्षीच्या अर्जात फारसं वजन नसतं. ज्यांना तेवढ्यासाठीच पाठवायचं आहे त्यांनी पैसे वाचवावेत. दुसरी सावधगिरी पत्रांची. ‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे’ अशी सोनेरी शिक्क्याची पत्रं येतात. मुलाने कुठलीच अवघड परीक्षा दिलेली नसताना निवड झाली असेल, तर निवड तुमच्या खिशाची झालेली आहे. प्रसिद्ध विद्यापीठाच्या आवारात वर्ग भरतो म्हणजे तो त्या विद्यापीठाचा असतो असंही नाही. उन्हाळ्यात इमारती भाड्याने मिळतात. नामवंतांच्या बाबतीतही सगळं सुरळीतच असतं असं नाही. ड्यूकचा कार्यक्रम कोविडनंतर कायमचा बंद झाला, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात सीटीवायला माणसं कमी पडल्याने काही ठिकाणचे वर्ग ऐन वेळी रद्द करावे लागले, पालकांनी विमानाची तिकिटं काढलेली असताना.

म्हणून विचारायचं ते एवढंच: वर्ग कोण चालवतं, शिकवणारा कोण आहे, एका वर्गात मुलं किती, रात्री मजल्यावर जबाबदार माणूस कोण, मूल आजारी पडलं तर काय. आणि मुलाला, त्याच्या मागे न लागता, तीन आठवडे एकच विषय करायला आवडेल का.

घरबसल्या अंदाज घ्यायचा असेल तर मानखुर्दच्या केंद्राच्या वेबसाइटवर ऑलिम्पियाडचे जुने पेपर उत्तरांसह फुकट ठेवलेले आहेत. आठवीतल्या मुलाला कनिष्ठ विज्ञानाचा पेपर सुट्टीत छापून द्या, घड्याळ लावू नका, गुण मोजू नका. निम्मे प्रश्न न येणं हे त्या पेपरात अपेक्षितच आहे.